भोपळ्याचा वेल पुरण्याची रीत : आजरा परिसरातील शब्दांच्या आधारे एक विचार

कोल्हापूर जिल्ह्याच्या नैर्ऋत्येस हिरण्यकेशीच्या काठी वसलेला आजरा हा गाव भाषाभ्यासकाच्या दृष्टीने मोक्याच्या जागी आहे. संकेश्वराहून गडहिंग्लज व आजरा करीत आंबोलीचा घाट उतरणारा रस्ता पुढे सावंतवाडी आणि गोव्याकडे जातो. पूर्वेस कानडी मुलूख, पश्चिमेस घाटाखाली मालवणी व कोंकणी, आणि मध्ये देशावरील मराठी, अशी येथील स्थिती आहे. अशा प्रदेशात एखाद्या फळाची नावे एकत्र मांडली असता त्या फळाचा प्रवास तर उलगडतोच, पण ते पिकविण्याच्या रीतीवर त्या नावांचा काय परिणाम झाला असावा, याचाही अंदाज बांधता येतो. तांबडा भोपळा हे त्याचे चांगले उदाहरण होय.

आज मराठीत भोपळा म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे तांबडा, फाकी असलेला, वजनदार भोपळाच उभा राहतो. परंतु भाषेत रुजलेले या शब्दाचे जुने उपयोग पाहिले तर चित्र निराळे दिसते. वीणेचा भोपळा, पोहावयास शिकणाऱ्या मुलाच्या पाठीस बांधावयाचा भोपळा आणि गोसाव्याच्या हातातील भोपळा, हे तिन्ही भोपळे वाळल्यावर कठीण, हलके व पोकळ होणाऱ्या दुध्याच्या जातीचे आहेत. तांबड्या भोपळ्याकडून यांपैकी एकही काम होत नाही. म्हणजे भोपळा हे नाव मुळात तुंब्याचे, आणि तांबडा भोपळा हा त्या नावाचा मागाहून आलेला धनी, हे उघड आहे.

वनस्पतींचा इतिहासही हेच सांगतो. तुंबा आपल्याकडे फार प्राचीन आहे. अथर्ववेदात अलाबुपात्राचा उल्लेख येतो. कोहळाही जुनाच. संस्कृत कूष्मांड या शब्दाची कोहंडी, कोहली अशी प्राकृत रूपे १२ व्या शतकातील हेमचंद्राच्या व्याकरणात दिलेली आहेत, आणि मराठी कोहळा त्याच वाटेने आला. तांबडा भोपळा ज्या कुळातील आहे ते कूळ मात्र अमेरिका खंडातले. १४९२ नंतर जुन्या जगाशी त्या खंडाचा संबंध जुळला आणि १५१० साली गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले. त्यानंतरच्या काळात अमेरिकेतील अनेक पिके पश्चिम किनाऱ्यावर आली. त्यांतील एक, काजू, आज आजऱ्याच्या अर्थव्यवहाराचा महत्त्वाचा भाग बनला आहे.

या नव्या पिकांच्या नामकरणात एक नियम दिसून येतो. ज्यांच्यासारखे येथे काही नव्हते, ती आपले परके नाव घेऊन आली. काजू, बटाटा, अननस, पपई, तंबाखू हे शब्द पोर्तुगीजांच्या द्वारे आले. ज्यांना येथे कोणी सदृश भेटले, त्यांना मात्र घरचेच नाव मिळाले. मिरीवरून मिरची झाली, मुगावरून भुईमूग झाला, आणि भोपळ्याच्या पंक्तीत तांबडा भोपळा जाऊन बसला. गोव्याकडील कोंकणीत हीच घटना वेगळ्या शब्दाने घडली आहे. देशावर दुधी म्हणजे लांबट, फिकट हिरवा भोपळा. घाट उतरून गोव्यात गेल्यावर दुदी म्हणजे तांबडा भोपळा. कानडीत कोहळा व तांबडा भोपळा या दोहोंनाही कुंबळ हेच नाव असून, तांबड्यास गोड या अर्थाचे विशेषण लावून तो वेगळा केला जातो. तीन भाषांनी तीन जुनी नावे पुढे केली, पण नव्या पाहुण्यास नवे नाव कोणीच दिले नाही.

नाव उसने मिळाले की त्याबरोबर वागणूकही उसनी मिळते. दुध्याचा वेल मांडवावर चढवावयाचा असतो. फळ लोंबते राहिले म्हणजे ते सरळ वाढते. परड्यात, उकिरड्याच्या कडेला पहिल्या पावसात बी टोचावे आणि वेल कुंपणावर किंवा छपरावर सोडावा, हा ग्रामीण महाराष्ट्रातील परिचित क्रम तांबड्या भोपळ्यालाही लागू झाला. थोड्या जागेत घरापुरती फळे मिळावी म्हणून तो सोयीचाही आहे. परंतु या झाडाचा स्वभाव जमिनीवर धावण्याचा आहे. त्याच्या वेलाच्या प्रत्येक पेरापाशी वरच्या अंगास पान, ताणा व फूट असते, तर खालच्या अंगास मूळ फुटण्याची शक्ती असते. पेर ओल्या मातीस टेकले की तेथे मूळ धरते. छपरावर चढलेल्या वेलाची ही शक्ती वापराविना राहते.

वेल पुरण्याच्या रीतीचा पाया हाच आहे. रोप उभे राहण्याचे सोडून आडवे पडले आणि वेल धावू लागला की तिचा आरंभ करावयाचा. शेंड्याकडील कोवळा भाग मोकळा ठेवून त्यामागील, थोडी निबर झालेली पेरे एकामागून एक मातीखाली घ्यावयाची. पेराखालची जमीन आधी भुसभुशीत करून तीत कुजलेले खत मिसळतात, वेल हलक्या हाताने तीत बसवितात आणि वर दोन-चार बोटे माती ओढतात. पाने मात्र वरच राहिली पाहिजेत. वेल पुढे सरकेल तसे हे काम काही दिवसांच्या अंतराने चालू राहते, व बगलफुटींनाही तोच न्याय लावला जातो. यामुळे मूळ बुडख्यावरच सारा भार न राहता वाटेत ठिकठिकाणी पाणी व अन्न शोषले जाते, वाऱ्याने वेल उलटत नाही, आणि बुडखा कुजला किंवा किडीने पोखरला तरी पुढील भाग तग धरू शकतो.

एका ठिकाणी मात्र पुरणे वर्ज्य आहे. ज्या पेरापाशी फळ धरले आहे, तेथील व त्याच्या लगतच्या पेरांची मुळे मोकळी ठेवावी लागतात. फळ फुगत जाते तसा त्याच्या देठाजवळचा वेल वर उचलला जातो. तो मातीत जखडलेला असेल तर देठ ताणून तुटतो. आजऱ्यासारख्या भरपूर पावसाच्या प्रदेशात वेळेचे भान आणखी ठेवावे लागते. आषाढातील झडीत पाणी धरून ठेवणाऱ्या मातीत पुरलेला वेल मूळ धरण्याऐवजी कुजू शकतो. म्हणून पावसाळी वेलास उंचवट्याची, निचऱ्याची जागा, मातीचा पातळ थर आणि उघडीप पाहून केलेले काम, हेच हितकर ठरते.

ही रीत प्रसिद्धीस आली ती उत्तर अमेरिकेतील प्रचंड भोपळ्यांमुळे. कॅनडातील विल्यम वॉर्नॉक यांनी १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात ४०० पौंडांचा, आणि १९०४ साली सेंट लुईस येथे ४०३ पौंडांचा, म्हणजे सुमारे १८३ किलोंचा भोपळा मांडला. तो उच्चांक सत्तर वर्षांहून अधिक काळ टिकला. पुढे नोव्हा स्कॉशियातील हॉवर्ड डिल यांनी निवड करीत सिद्ध केलेल्या ‘अटलांटिक जायंट’ या वाणाने चित्र पालटले, आणि २०२३ साली अमेरिकेत २,७४९ पौंडांचे, म्हणजे सुमारे १,२४७ किलोंचे फळ तोलले गेले. या वाढीत बियाण्याचा वाटा मोठा आहे. तथापि असे फळ पोसण्यासाठी वेलाची पेरन्‌पेर मातीत मुळावणे हा त्या बागाइतांच्या नित्यक्रमाचा भाग झालेला आहे.

मग वेल पुरण्याची कल्पना आपल्याकडे नवी आहे काय? तसे मुळीच नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वेलीवरील फळांसाठी नदीच्या फेसाळ पाण्याचा स्पर्श झालेली काठची जमीन योग्य म्हटली आहे. खोडापासून लावावयाच्या पिकांच्या कापाला मध, तूप, चरबी व शेण यांचा लेप देण्याचेही तेथे सांगितले आहे. अधिक जवळचा पुरावा मिरज तालुक्यातील आरग, बेडग, नरवाड या गावांच्या पानमळ्यांत मिळतो. शेवरी, शेवगा किंवा पांगाऱ्याच्या आधाराने चढलेली पानवेल उंच गेली की ती खाली उतरवून तिचा पाने नसलेला भाग मातीत गाडतात. या कामास ‘उतरण’ असे सुटसुटीत नाव आहे. रताळ्याच्या शेतीत याच्या उलट व्यवहार चालतो. तेथे पेरांनी मूळ धरले तर कंद पोसत नाहीत, म्हणून वेल अधूनमधून उचलून परततात. म्हणजे पेर मातीस टेकले असता काय होते, हे पानमळेकरी व रताळी लावणारा शेतकरी, दोघेही पक्के जाणतात. एक त्या ज्ञानाने वेल पुरतो, दुसरा त्याच ज्ञानाने वेल उचलतो.

यावरून असे अनुमान निघते की तांबड्या भोपळ्याच्या बाबतीत उणीव ज्ञानाची नव्हती. दुध्याच्या नावाखाली आलेल्या या वेलास दुध्याचा मांडव मिळाला; पानवेलीची उतरण मात्र त्याच्या वाट्यास आली नाही, कारण भाषेने या दोन वेलींना एका घरात कधी बसविलेच नाही. शेतीविषयक मराठी लेखनाच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे. ‘आगंतुक मुळे’ ही शास्त्रीय संज्ञा अचूक आहे. पण ‘पानवेलीसारखी भोपळ्याची उतरण करा, फक्त फळाजवळचे पेर मोकळे ठेवा’ हे वाक्य दक्षिण महाराष्ट्रातील शेतकऱ्यास अधिक नेमके कळेल. त्यासाठी पानमळ्यातील, रताळ्याच्या वाफ्यातील आणि परड्यातील शब्द, ते वापरणारी माणसे आहेत तोवर, एकत्र नोंदविले पाहिजेत. असा संग्रह कोशाला उपयोगी पडेल, आणि एका पिकात कमावलेले ज्ञान दुसऱ्या पिकाकडे नेण्यासही तोच उपयोगी पडेल.