रघुनाथपंडित : कवी आणि वकील एकच होता का?



आजचा लेख इतिहासाचा आहे, पण रिसर्च प्रपोजल लिहिणाऱ्या कुठल्याही शाखेच्या विद्यार्थ्याला उपयोगी पडेल. प्रश्न साधा आहे : दोन कागदांवर एकच नाव दिसलं तर माणूसही एकच, असं कधी म्हणायचं?

आधी एक सोपं उदाहरण घेऊ. अलेक्सिस लेजे नावाचा एक फ्रेंच अधिकारी होता. जन्म १८८७, कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलूप बेटावर. १९१४ मध्ये तो फ्रान्सच्या परराष्ट्र खात्यात लागला, काही वर्षं पेकिंगच्या दूतावासात होता आणि १९३३ मध्ये खात्याचा महासचिव झाला. १९४० मध्ये पद गेलं, तो अमेरिकेला गेला आणि व्हिशी सरकारने त्याचं नागरिकत्वही काढून घेतलं. सँ-जाँ पेर्स नावाचा एक फ्रेंच कवी होता. त्याचं 'अनाबाज' हे काव्य १९२४ मध्ये आलं, १९६० मध्ये त्याला साहित्याचं नोबेल मिळालं. हे दोघे एकच आहेत. नावं दोन, माणूस एक. आणि हे अंदाजाने सांगावं लागत नाही, कारण नोबेलच्या नोंदीतच दोन्ही नावं शेजारी आहेत.

मराठीत आपल्याकडे याच्या बरोबर उलट केस आहे. नाव एक, माणसं बरीच.

कवी कोण?

रघुनाथपंडित हा मराठीतला मोठा पंडितकवी. त्याचं नल-दमयंतीचं आख्यान गाजलेलं आहे आणि त्यातला हंसाचा प्रसंग कित्येक पिढ्यांनी शाळेच्या पुस्तकात वाचलाय. 'गजेंद्रमोक्ष' आणि 'रामदासवर्णन' या त्याच्या इतर रचना. कीर्ती एवढी, पण चरित्र जवळजवळ कोरं. त्याचा काळ, गाव आणि घराणं यांबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. काहींनी त्याला शिवकाळात बसवलं, काहींनी तंजावरला नेलं.

चरित्र कोरं असलं की ते भरायचा मोह होतो. आणि शिवकाळात 'रघुनाथ पंडित' हे नाव थेट राजकारणात सापडतं. मे १६६५ मध्ये मिर्झाराजा जयसिंगाने पुरंदरला वेढा घातला असताना महाराजांच्या वतीने बोलणी करायला जो माणूस गेला, त्याचं नाव रघुनाथ पंडित. पुढे जून महिन्यात तह झाला आणि २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले. मग कुणालाही वाटेल : हंसाला दूत करणारा कवी स्वतःच महाराजांचा दूत होता! गोष्ट म्हणून मस्त आहे. आता ती तपासू.

त्या काळातले रघुनाथ

मराठी कागदपत्रांत राजदूताला 'वकील' म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, कोर्टातला वकील नव्हे. आता यादी करू.

रघुनाथ बल्लाळ कोरडे : महाराजांचा विश्वासू वकील. १६६६ मध्ये आग्र्याला तो महाराजांसोबत होता. १७ ऑगस्टला महाराज निसटले आणि मागे राहिलेले कोरडे व त्र्यंबक सोनदेव डबीर मोगलांच्या हाती लागले. त्यांचे हाल झाले, सुटका बऱ्याच काळाने झाली.

रघुनाथ नारायण हणमंते : यांचे वडील नारो त्रिमल हे कर्नाटकात शहाजीराजांच्या कारभारात होते. शहाजीराजे १६६४ मध्ये गेल्यावर रघुनाथपंत व्यंकोजीराजांकडे राहिले, तिथे पटलं नाही, आणि ते महाराजांकडे आले. १६७७ च्या दक्षिण मोहिमेआधी गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीशी सूत जुळवण्यात त्यांचा वाटा होता. कुतुबशहाचा दिवाण मादण्णा याच्याशी त्यांनी बोलणी केली. जिंजी घेतल्यावर त्या मुलखाची व्यवस्था त्यांच्याकडे आली. महाराज आणि व्यंकोजीराजे या भावांमधला समेटही त्यांच्याच हातून झाला.

रघुनाथ गणेश नवहस्त, म्हणजे नवाथे : संस्कृतात 'भोजनकुतूहल' हा खाद्यपदार्थांवरचा ग्रंथ लिहिणारा पंडित. तंजावरच्या दीपाबाई, म्हणजे व्यंकोजीराजांच्या पत्नी, यांचा त्याला आश्रय होता.

रघुनाथ मनोहर : चौलचा, म्हणजे आमच्या रायगड जिल्ह्यातलाच. 'वैद्यविलास' हा वैद्यकावरचा संस्कृत ग्रंथ त्याच्या नावावर आहे.

सगळे साधारण सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातले, सगळे शिकलेले. आणि 'पंडित' हे काही आडनाव नाही! ती पदवी आहे. 'पंडितराव' तर चक्क अष्टप्रधानांतलं एक पद आहे. म्हणजे 'रघुनाथ पंडित' या दोन शब्दांत ओळख पटवणारा शब्द एकच, 'रघुनाथ', आणि तो रामभक्तांच्या प्रदेशात घरोघरी सापडणार. पुरंदरचा रघुनाथ पंडित आणि आग्र्याचा रघुनाथ बल्लाळ यांची गाठ मारतानासुद्धा दुसरा पुरावा दाखवावा लागतो, मग कवी तर दूरच राहिला.

खरी ओळख मधल्या नावात आहे. बल्लाळ, नारायण, गणेश ही वडिलांची नावं. आज आपण पेपरवर ऑर्किड आयडी टाकतो, तेच काम तेव्हा वडिलांचं नाव करायचं. कोरडे आणि हणमंते वेगळे, हे आपण छातीठोकपणे म्हणतो ते याच आधारावर.

एक पीक, दोन संयुगं

सायन्सवाल्यांसाठी दुसऱ्या भाषेत सांगतो. क्रोमॅटोग्राफीत दोन वेगळी संयुगं एकाच वेळेला कॉलममधून बाहेर पडू शकतात. ग्राफवर पीक एकच दिसतं. रिटेन्शन टाइम जुळला म्हणून संयुग तेच, असं लिहिलं तर गाइड पेपर परत करतात. मास स्पेक्ट्रम दाखव म्हणतात, म्हणजे वेगळ्या तत्त्वावर चालणारा दुसरा पुरावा. नाव जुळणं हा रिटेन्शन टाइम आहे. इतिहासात मास स्पेक्ट्रमचं काम वडिलांचं नाव, गाव, आश्रयदाता आणि शक करतात.

आता कवी म्हणजेच वकील, या दाव्याच्या बाजूने काय काय म्हणता येईल ते घेऊ.

पहिला मुद्दा, काव्यातली दूतगिरी. हंस नळाचा निरोप घेऊन दमयंतीकडे जातो. पुढे नळ स्वतः इंद्र, अग्नी, वरुण, यम यांचा दूत होऊन तिच्यासमोर उभा राहतो, तेही स्वतःच्याच विरोधातली मागणी घेऊन. राजनैतिक पेच याहून अवघड काय असणार! पण ही कथा महाभारताच्या वनपर्वात आहे, आणि बाराव्या शतकातल्या श्रीहर्षाने तिच्यावर 'नैषधीयचरित' रचलं. आपल्या कवीसमोर तेच काव्य होतं. दूत कथेतून आले आहेत, कवीच्या नोकरीतून आले असं त्यावरून सिद्ध होत नाही.

दुसरा मुद्दा, भाषा. हणमंत्यांचं नाव 'राजव्यवहारकोशा'शी जोडलेलं आहे. फारसी-दख्खनी कारभारी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा हा पद्य कोश. राजवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, पण्यवर्ग असे त्याचे १० वर्ग आणि सुमारे १,४०० शब्द. तेव्हा कुणी म्हणेल, कवीची भाषाही संस्कृतप्रचुर आहे, मग दोघे एकच. इथे कंट्रोल लावून बघा. वामनपंडित घ्या, मोरोपंत घ्या. संस्कृतप्रचुर मराठी ही सगळ्या पंडिती काव्याची खूण आहे. जी खूण सगळ्यांत सापडते, ती एकाची ओळख पटवू शकत नाही.

तिसरा मुद्दा, काळ. 'रामदासवर्णना'मुळे एक खालची मर्यादा मिळते : कवी समर्थांच्या आधीचा नाही. पण वरची मर्यादा त्यातून मिळत नाही. समर्थांवर त्यांच्या हयातीत लिहिता येतं आणि पन्नास वर्षांनीही. म्हणजे शिवकाळ शक्य आहे, सिद्ध नाही. 'शक्य' आणि 'सिद्ध' यांच्यामधल्या जागेतच थिसिस फसतात.

मग जुळलेलं कसं दिसतं?

नुसता संशय घेत बसणं म्हणजेही संशोधन नव्हे. सांधा पक्का कसा होतो ते त्याच कोशात बघायला मिळतं. कोशाच्या प्रत्यक्ष रचनेशी धुंडिराज लक्ष्मण व्यास यांचं नाव जोडलं जातं. आणि 'मुद्राराक्षस' या संस्कृत नाटकावर धुंडिराज नावाच्याच पंडिताची प्रसिद्ध टीका आहे, १७१३ च्या सुमाराची, तंजावरच्या पहिल्या सरफोजीराजांच्या काळातली. वडिलांचं नाव लक्ष्मण. आता मोजा : नाव जुळतं, वडिलांचं नाव जुळतं, हणमंत्यांचा आणि तंजावरचा संबंध असल्यामुळे प्रदेश जुळतो, आणि काळाचं अंतर एका माणसाच्या आयुष्यात मावतं. चार वेगवेगळ्या बाजूंनी आलेल्या गोष्टी एका ठिकाणी मिळतात. रघुनाथपंडिताच्या बाबतीत एकच मिळते, नाव.

याच धुंडिराजावरून आणखी एक गोष्ट लक्षात येते. आपण 'राजव्यवहारकोश हणमंत्यांनी लिहिला' असं एका वाक्यात उरकतो, तेव्हा श्लोक बसवणारा माणूस गायब होतो. ओळखी चुकीच्या जोडल्या की कुणाचं तरी श्रेय कुणाच्या तरी खात्यात जमा होतं. आग्र्यात हाल सोसले कोरड्यांनी, जिंजीचा मुलूख सांभाळला हणमंत्यांनी, नळाची कथा मराठीत आणली तिसऱ्याच कुणी. तिघांना एकत्र करून एक भव्य 'कवी-मुत्सद्दी' उभा केला तर तिघांवरही अन्याय होतो. आणि एकदा छापलं की पुढचे दहा जण तेच वाक्य संदर्भ म्हणून देतात.

तुमच्या प्रपोजलसाठी

मग आज काय लिहावं? वकिली आणि पद्यग्रंथ या दोन्हींशी ज्याचा संबंध दाखवता येतो असा माणूस हवा असेल, तर रघुनाथ नारायण हणमंते आहेत, धुंडिराजांचं नाव शेजारी घेऊन. नल-दमयंतीच्या कर्त्याला 'रघुनाथपंडित, आख्यानकवी' एवढंच म्हणा. त्याला दरबारात बसवायची घाई नको.

हा प्रश्न सुटू शकतो का? हो, एका पानाने सुटू शकतो. एखाद्या जुन्या हस्तलिखिताच्या शेवटी कवीच्या वडिलांचं नाव किंवा रचनेचा शक मिळाला तर पुरे. बघायच्या जागा ठरलेल्या आहेत : तंजावरचं सरस्वती महाल ग्रंथालय, पुण्यातलं भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर आणि भारत इतिहास संशोधक मंडळ, धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ. मोडी आणि थोडं संस्कृत येत असेल तर या विषयात अजून जागा आहे.

तोपर्यंत एक काम करा. तुमच्या लिटरेचर रिव्ह्यूमधलं एखादं असं वाक्य काढा, ज्यात तुम्ही दोन स्रोतांतली व्यक्ती, जागा किंवा नमुना 'एकच' मानला आहे. त्याच्यासमोर नावाशिवाय जुळणाऱ्या दोन गोष्टी लिहून बघा. दोन मिळाल्या तर वाक्य ठेवा. नाही मिळाल्या तर 'एकच आहे' खोडून 'एकच असण्याची शक्यता आहे' असं करा, आणि ती शक्यता तपासायला कुठला कागद लागेल तेही पुढे लिहा. व्हायव्हाला हाच प्रश्न येतो.