बुद्धिबळाच्या पटावरील वीस अंकी संख्या

वाचकहो, बुद्धिबळाच्या पटाची कथा आपण ऐकली असेलच. पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, याप्रमाणे चौसष्ट घरे भरून द्यावीत, एवढेच बक्षीस सिस्सा नावाच्या पंडिताने राजाजवळ मागितले. तेराव्या शतकातील चरित्रकार इब्न खल्लिकान याने ही कथा नोंदविली आहे. ती आख्यायिकाच होय. परंतु तिच्यातील संख्या मात्र पूर्णपणे खरी आहे.

वर्गात मी हा प्रश्न विचारतो तेव्हा मुले ‘एक पोते’, फार तर ‘एक गाडी’ असे उत्तर देतात. खरे उत्तर १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ असे आहे! हजार दाण्यांचे वजन ४० ग्रॅम धरले, तर हा गहू सुमारे ७३,८०० कोटी टन भरतो. आज साऱ्या जगात वर्षाला ८० कोटी टनांच्या आसपास गहू पिकतो. म्हणजे राजाला नऊशेहून अधिक वर्षे सर्व जगाचे पीक द्यावे लागले असते.

ही संख्या अल्‌ बेरूनीने इ. स. १००० च्या सुमारास लिहिलेल्या ‘आसारुल बाकिया’ या ग्रंथात दिली आहे. त्याने चौसष्ट बेरजा केल्या नाहीत. एखाद्या घरातील संख्येचा वर्ग केला की, ते घर पहिल्यापासून जितके दूर, तितकेच त्याच्या पुढे असलेल्या घराची संख्या मिळते, हे त्याने ओळखले. पाचव्या घरात १६. त्याचा वर्ग २५६ नवव्या घरात. पुढे सतराव्यात ६५,५३६, तेहतिसाव्यात ४,२९,४९,६७,२९६. याचा वर्ग पटावर नसलेल्या पासष्टाव्या घराचा. त्यातून एक वजा केला की मागील सर्व घरांची बेरीज हाती येते.

आता या संख्येचे अवयव पाहा : ३, ५, १७, २५७, ६५,५३७, ६४१ आणि ६७,००,४१७. यांतील पहिल्या पाच संख्या दोनच्या १, २, ४, ८, १६ या घातांत एक मिळवून झाल्या आहेत, व त्या सर्व मूळ संख्या आहेत. यावरून थोर फ्रेंच गणिती फर्मा याने सतराव्या शतकात असे मत मांडले की, हा क्रम पुढेही असाच चालेल. सिद्धता मात्र त्याला देता आली नाही. पुढची संख्या होती ४,२९,४९,६७,२९७. सुमारे नव्वद वर्षांनी, १७३२ साली, ऑयलर याने दाखवून दिले की तिला ६४१ ने पूर्ण भाग जातो. थोरामोठ्यांचे मत एका भागाकारापुढे टिकले नाही! म्हणून फर्माची थोरवी कमी होत नाही. परंतु पाच उदाहरणे म्हणजे सिद्धता नव्हे, हा धडा मात्र मिळतो.

पूर्वी मीही वर्गात ‘पुस्तकात आहे, लिहून घ्या’ असे सांगत असे. एकदा एका मुलाने ६४१ चा भागाकार फळ्यावर करून पाहण्याचा हट्ट धरला. तास संपत आला तेव्हा बाकी शून्य उरली, आणि सारा वर्ग आनंदाने ओरडला. तो आनंद पाठांतराने कधीच मिळाला नसता.

वाचकहो, माझ्यावरही विश्वास ठेवू नका. कागद-पेन्सिल घ्या आणि भाग देऊन पाहा.