मिरवणुकीच्या बँडांत अंध व अपंग वादक

ज्युबिली हा शब्द आपल्याकडे इंग्रजींतून आला. परंतु त्याचें मूळ 'योबेल' ह्या हिब्रू शब्दांत आहे, व योबेल म्हणजे मेंढ्याचें शिंग. लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायांत पन्नासाव्या वर्षाचा आरंभ देशभर शिंग फुंकून करावा अशी आज्ञा आहे. ज्युबिलीच्या मुळाशींच असें वाद्य असल्यामुळें ह्या स्मरणिकेंत बँडासंबंधीं चार शब्द लिहिल्यास वाचकांस तें अप्रस्तुत वाटणार नाहीं, अशी आशा आहे. त्याच लेवीय ग्रंथांत, चार अध्याय अलीकडे, अहरोनाच्या वंशांतील आंधळ्या वा लंगड्या पुरुषानें अर्पण करण्यास वेदीजवळ येऊं नये असा निर्बंध घातला आहे. आणि त्याच्याहि अलीकडे, एकोणिसाव्या अध्यायांत, आंधळ्याच्या वाटेंत अडखळण ठेवूं नये असेंहि बजाविलें आहे. एकाच ग्रंथांतील हीं तीन वचनें एकत्र वाचलीं म्हणजे मनांत प्रश्न उभा राहतो: शिंग फुंकावें हें खरें, पण फुंकणाऱ्यांच्या रांगेंत कोणास उभें करावें?

हा प्रश्न आम्हांस ग्रंथवाचनानें सुचला नाहीं. आपल्या धर्मग्रामाच्या बँडाचा वृत्तांत ह्याच स्मरणिकेंत अन्यत्र दिला आहे. त्यांत एक हकीकत आलेली नाहीं, ती येथें सांगणें आम्ही आमचें कर्तव्य समजतों. बँडांत पूर्वीं एक मुलगा क्लॅरिनेट वाजवीत असे. लहानपणच्या दुखण्यानें त्याचा एक पाय अधू झाला होता. त्याचा सूर उत्तम, आणि स्वरलिपि वाचण्यांत त्याच्या तोडीचा दुसरा कोणी नव्हता. परंतु सणाची मिरवणूक निघाली म्हणजे त्यानें रांगेंत यावयाचें नाहीं, वर गायकांच्या सज्ज्यांत बसून मिस्सेच्या वेळीं तेवढें वाजवावें, असें ठरलें. "रांग मोडेल," एवढेंच कारण त्यास सांगण्यांत आलें. तें सांगणाऱ्यांत आम्हीहि होतों. कोणाच्या मनांत वाईट नव्हतें. पुढच्या वर्षीं सणाच्या आधीं त्यानें वाद्य स्वच्छ पुसून, डब्यांत घालून, परत आणून दिलें. आणि आमची रांग सरळ राहिली.

तेव्हांपासून, रांग न मोडतां असा वादक बँडांत घेतां येतो कीं नाहीं, व इतरत्र कोणी तसें केलें आहे काय, ह्याचा आम्ही शोध घेत आलों. तो शोध घेतांना आम्हांस प्रथम पॅरिस शहरीं जावें लागलें. अर्थात् पुस्तकांच्या द्वारें.

फ्रान्सचा राजा नववा लुई, ज्यास आपण संत लुई म्हणतों, त्यानें सुमारें १२६० सालीं पॅरिस येथें अंधांकरितां एक आश्रम स्थापिला. त्याचें नांव 'कँझ-व्हँ', म्हणजे पंधरा विसा. आपल्याकडील वडीलधारी माणसें जशीं विसांनीं मोजीत, तशीच जुन्या फ्रेंच लोकांचीहि रीति होती. पंधरा विसा म्हणजे तीनशें, आणि तितक्या अंधांची सोय तेथें होती. हे तीनशें जण धर्मयुद्धांत शत्रूनें डोळे काढलेले सरदार होते अशी एक आख्यायिका मागाहून जोडण्यांत आली, पण ती इतिहासाला धरून नाहीं. ते साधे गरीब अंध होते, व भिक्षा मागण्याची त्यांस मुभा होती. त्या नांवाचें नेत्ररुग्णालय पॅरिसमध्यें आजहि आहे. संताच्या ह्या आश्रमांतील अंधांचीच पुढें पांचशें वर्षांनीं कशी विटंबना झाली तें आतां पाहूं.

१७७१ सालच्या सप्टेंबर महिन्यांत पॅरिसला संत ओव्हिद यांच्या नांवाची जत्रा भरली होती. तेथील एका कॉफीगृहाच्या मालकानें ह्या अंधांपैकीं कांहीं वादक आणून उंच मंचावर बसविले. अंगांत लांब झगे, डोक्यावर उंच टोकदार टोप्या, नाकावर पुठ्ठ्याचे बिनकांचेचे मोठाले चष्मे, आणि समोर स्वरलिपीचे कागद मांडलेले, जणूं ते वाचूनच वाजवीत आहेत! त्यांच्या पुढाऱ्यास तर गाढवाचे कान लाविले होते. लोकांची एवढी झुंबड उडाली कीं ह्या प्रसंगाचें चित्र कोरून विकण्यांत आलें, व तें अद्याप उपलब्ध आहे. त्या वादकांचा सूर चांगला होता कीं वाईट, ह्याविषयीं मात्र कोणी फारसें लिहून ठेविलेलें नाहीं. ऐकावयास कोण आलें होतें?

त्या गर्दींत व्हॅलेंतँ आउई नांवाचा एक तरुण होता. त्याचें शिक्षण मठांतील धर्मगुरूंच्या हाताखालीं झालें होतें, व त्याचा भाऊ पुढें धर्मगुरु आणि स्फटिकशास्त्राचा मोठा पंडित म्हणून प्रसिद्धीस आला. ती थट्टा पाहून त्याचें मन विटलें, आणि हें सोंग आपण खरें करूं, अंधांस खरोखरच वाचावयास शिकवूं, असा निश्चय आपण तेव्हां केला, असें त्यानें मागाहून लिहून ठेविलें आहे. निश्चय पार पडण्यास मात्र तेरा वर्षें लागलीं. १७८४ सालीं त्यास पहिला शिष्य मिळाला तो संत जेर्में यांच्या देवळाच्या दारांत भीक मागणारा फ्रान्स्वा लस्युअर. त्या देवळांत जाणाऱ्या-येणाऱ्या शेंकडों भाविकांनीं त्याच्या हातांत नाणें टाकलें असेल. त्याच हातांत उठावाचीं अक्षरें प्रथम आउईनें दिलीं. पुढल्या वर्षीं त्याची शाळा निघाली, आणि तींत संगीतास आरंभापासून स्थान होतें.

ह्याच शाळेंत १८१९ सालीं लुई ब्रेल हा दहा वर्षांचा मुलगा दाखल झाला. तिसऱ्या वर्षीं बापाच्या खोगिरें शिवण्याच्या दुकानांत आरी लागून त्याचा डोळा गेला होता व पाठोपाठ दुसराहि. ब्रेलची सहा ठिपक्यांची लिपि सर्वांस ऐकून ठाऊक आहे. परंतु १८२९ सालीं त्यानें ती ज्या पुस्तकानें प्रसिद्ध केली त्याच्या नांवांतच शब्द, संगीत आणि देवळांतील साधें गायन ह्या तिन्हींचा उल्लेख आहे, हें फारसें कोणी सांगत नाहीं. ब्रेल स्वतः पॅरिसमधील देवळांत ऑर्गन वाजवीत असे. ज्या सहा ठिपक्यांनीं अक्षरें, त्यांनींच स्वर: वरच्या चार ठिपक्यांवरून सूर कोणता तें कळावें, व खालच्या दोहोंवरून तो किती मात्रा धरावयाचा तें. योजना साधी आहे. अडचण एकच. डोळस वादक कागद पाहतां पाहतां वाजवितो. अंध वादकाचीं बोटें कागदावर असतांना वाद्यावर असूं शकत नाहींत. म्हणून त्यास प्रत्येक चीज आधीं वाचून मुखोद्गत करावी लागते. १७७१ सालीं जे कागद केवळ हंशा पिकविण्यासाठीं अंधांपुढें मांडले होते, त्यांच्या जागीं अठ्ठावन्न वर्षांनीं बोटांनीं वाचण्याचे कागद आले.

पण ब्रेलनें सोडविला तो बसून वाजविण्याचा प्रश्न. ऑर्गन जागचा हलत नाहीं. चालत्या बँडांत एका वेळीं दोन कामें करावीं लागतात, वाजवावयाचें आणि रांग राखावयाची. व रांग राखणें हें सर्वस्वीं डोळ्यांचें काम मानलें गेलें आहे. अमेरिकेंतील बँडांत पांच यार्डांत आठ पावलें असें माप असतें, आणि प्रत्येक जण डोळ्याच्या कोपऱ्यांतून शेजाऱ्याचा खांदा पाहून आपलें पाऊल जमवितो. ज्यास शेजारी दिसत नाहीं त्यानें काय करावें? ह्याचें उत्तर मिळण्यास एकविसावें शतक उजाडावें लागलें.

ओहायो संस्थानाच्या कोलंबस शहरीं १८३७ सालीं स्थापन झालेली एक अंधशाळा आहे; सरकारी खर्चानें चालणारी अशी ती त्या देशांतील पहिली. २००५ सालीं त्याच शहरांतील बहिऱ्यांच्या शाळेनें आपला फुटबॉलचा संघ पुन्हां उभा केला, आणि खेळाच्या वेळीं वाजविण्यास अंधशाळेकडे बँड मागितला. खेळणारे ऐकूं न शकणारे, वाजविणारे पाहूं न शकणारे! हें ऐकून प्रथम हसूं येतें, हें आम्ही कबूल करतों; परंतु मागणी करणाऱ्या मुलांस तें हास्यास्पद वाटलें नाहीं, व बँड उभा राहिला. मुलें ब्रेलवरून, व ज्यांस थोडें दिसतें तीं मोठ्या अक्षरांवरून, सर्व चिजा पाठ करतात. मैदानावर प्रत्येक वादकाबरोबर एक डोळस सहायक असतो. तो वाजवीत नाहीं, वादकास ओढीतहि नाहीं. खांद्यावर किंवा पाठीवर हात ठेवून केवळ दिशा देतो. पाऊल वादकाचें, सूर वादकाचा. त्या संस्थानांतील मोठ्या विद्यापीठाचा बँड मैदानावर 'ओहायो' हें नांव वळणदार अक्षरांत चालून लिहितो, ही गोष्ट तेथें फार प्रसिद्ध आहे. अंधशाळेच्या बँडानें तेंच नांव ब्रेलच्या ठिपक्यांत लिहिलें. त्या चार अक्षरांस ब्रेलमध्यें अकरा ठिपके लागतात. आणि बसलेल्या हजारों डोळस प्रेक्षकांत तें वाचतां येणारे किती थोडे असतील!

१ जानेवारी २०१० रोजीं हा बँड कॅलिफोर्नियांतील पासाडेना शहराच्या गुलाबांच्या मिरवणुकींत चालला. ती वाट साडेपांच मैलांची आहे. आरंभींच ऑरेंज ग्रोव्ह रस्त्यावरून कोलोराडो रस्त्यावर वळतांना काटकोनाहूनहि अधिक वळावें लागतें, आणि त्या वळणाची धास्ती डोळस बँडांसहि असते. कारण वळतांना आंतल्या बाजूच्यांनीं जवळजवळ जागच्या जागीं पाऊल टाकावयाचें, बाहेरच्यांनीं लांब टांगा टाकावयाच्या, आणि ओळ मात्र चाकाच्या आऱ्यासारखी सरळ फिरावयाची. बँडमध्यें वाजविलेल्या वाचकांस ह्याची कठिणता निराळी सांगावयास नको. तेथें त्या मुलांस उपयोगी पडला तो पाठीवरचा हात आणि महिनोन्महिने केलेली चाल.

दुसरें उदाहरण केंटकी संस्थानांतील लुईव्हिल येथील. पॅट्रिक हेन्री ह्यूज हा १९८८ सालीं जन्मला तोच नेत्रहीन. शिवाय त्याचे हातपाय पूर्ण सरळ होत नाहींत, त्यामुळें चाकाच्या खुर्चीवांचून त्यास गति नाहीं. तो पियानो व ट्रंपेट वाजवी. २००६ सालीं तो विद्यापीठांत गेला, तेव्हां बँडाच्या संचालकांनींच त्यास मैदानावर चालणाऱ्या बँडांत घेतलें. खुर्ची ढकलीत चालण्याचें काम त्याच्या वडिलांनीं पत्करलें. ते रात्रपाळीची नोकरी करीत, आणि दिवसा मुलाबरोबर बँडाच्या सरावास येत. आम्हांस विशेष वाटलें तें एवढें कीं, मैदानावर कोणत्या ठोक्यास कोठें वळावयाचें, कोठें थांबावयाचें, हें त्या वडिलांस इतर वादकांइतकेंच पाठ करावें लागलें. कारण खुर्ची अर्धा ठोका उशिरा वळली तर रांग खरोखरच मोडते. आम्ही ज्या भयानें त्या मुलास सज्ज्यांत बसविलें तें भय अगदींच निराधार नव्हतें, तर. त्यावर उपाय होता, व तो आम्हीं शोधला नाहीं.

भारतांत अंधांच्या शिक्षणास आरंभ होऊन बराच काळ लोटला. मुंबईस ताडदेव येथें व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा १९०२ सालीं निघाली. भारतीय भाषांकरितां एकच ब्रेल १९५१ सालीं ठरली, तींत मराठीहि आहे. अंधांस पेटी-तबला शिकविण्याची चालहि आपल्याकडे रूढ आहे, पण तें सारें बसून वाजविणें. संयुक्त राष्ट्रांनीं २००६ सालीं अपंगांच्या हक्कांचा करार स्वीकारला, भारतानें २००७ सालीं त्यास मान्यता दिली, व २०१६ सालीं त्यास अनुसरून आपला कायदा झाला. त्या कराराच्या तिसाव्या कलमांत असें म्हटलें आहे कीं, अपंगांच्या कलागुणांस वाव द्यावा तो केवळ त्यांच्या हिताकरितां नव्हे, तर समाजाच्या समृद्धीकरितांहि. हें वाचून आम्ही थांबलों. त्या मुलास वगळल्यानें त्याचें काय गेलें ह्याचा विचार आम्हीं पुष्कळ केला होता; बँडाचें काय गेलें ह्याचा केला नव्हता. आमच्या क्लॅरिनेटची दुसरी ओळ त्यानंतर कित्येक वर्षें कच्ची वाजत होती, हें जुन्या मंडळींस आठवत असेल.

संत लूकच्या शुभवर्तमानांतील मोठ्या मेजवानीचा दृष्टांत आपण दरवर्षीं ऐकतों. आंधळे, पांगळे रस्त्यांतून आणून पंक्तीस बसविले जातात. आपल्या धर्मग्रामांतहि आजारी व अपंगांसाठीं मिस्सा होते, त्यांस हार घालण्यांत येतो, टाळ्या पडतात. हें योग्यच आहे. परंतु पंक्तीस बसविणें निराळें आणि यजमानांच्या बाजूस उभें करणें निराळें; बँड हा यजमानांचा असतो. शिवाय टाळ्यांविषयींहि आम्हांस थोडी शंका आहे. पॅरिसच्या जत्रेंतील लोक हंसले व वाजविणें ऐकलें नाहीं. एखाद्या अंध मुलानें कॉर्नेट तोंडाला लाविला कीं डोळ्यांत पाणी आणून टाळ्या वाजविणाराहि पुष्कळदां ऐकत नाहीं. बँडमास्तरांनीं अशा मुलाचा चुकलेला सूर इतरांच्या सुराप्रमाणेंच थांबवून सुधारून घ्यावा, असें आम्ही त्यांस सुचविलें, व तें त्यांस पटलें आहे.

यंदाच्या ज्युबिलीची मिरवणूक ख्रिस्तमंदिरापासून खालच्या क्रुसापर्यंत जाऊन परत येईल. वाट सारी मिळून मैलभराचीहि नाहीं. विहिरीजवळच्या वळणावर रस्ता उखडलेला होता, तेथें तरुण मंडळींनीं मुरूम टाकून धुम्मस केला आहे. दोन दृष्टिहीन मुलें साईड ड्रमवर सराव करीत आहेत, व त्यांच्याबरोबर चालावयाचे दोन सहायक संध्याकाळच्या प्रत्येक तालमीस हजर असतात; मागच्या आठवड्यांत त्यांतील एक आला नाहीं, तेव्हां ती तालीम त्या मुलांवांचून न करतां पुढें ढकलण्यांत आली. क्लॅरिनेटच्या दुसऱ्या ओळींत एक जागा मोकळी ठेवून चाल बसविली आहे, आणि त्या ओळीचें पाऊल थोडें आंखूड केलें आहे. कपाटांतील जुनें वाद्य काढून त्याचे पॅड बदलून घेतले. ज्यानें तें परत केलें तो आतां प्रौढ गृहस्थ असून परगांवीं असतो. त्यास आम्हीं सर्वांच्या सहीनें पत्र लिहिलें आहे. ही स्मरणिका छापखान्यांत जाईपर्यंत त्याचें उत्तर आलेलें नाहीं.