बंगळुरूच्या तलावांवरील उत्तरेचे पक्षी

चिखल्या, तुतवार, पाणलावा आणि त्यांच्याशी संबंधित पक्षी उथळ पाण्यात किंवा काठच्या ओल्या चिखलात चालत भक्ष्य शोधतात. त्यांच्या अनेक जाती युरोप व आशियाच्या उत्तर भागांत प्रजनन करतात आणि हिवाळ्यासाठी भारतात येतात. आर्क्टिक प्रदेशापासून हिंदी महासागरापर्यंतचा त्यांचा ‘मध्य आशियाई उड्डाणमार्ग’ तीस देशांतून जातो. समुद्रापासून दूर, सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेले बंगळुरू हेही त्यांचे मुक्कामाचे ठिकाण आहे.

या शहराजवळून मोठी नदी वाहत नाही. म्हणून पूर्वीच्या पिढ्यांनी सिंचनासाठी बांध घालून तलावांच्या साखळ्या निर्माण केल्या. कन्नडमध्ये अशा तलावास ‘केरे’ म्हणतात. एका तलावाचे जादा पाणी पुढच्या तलावात जाते. बेळ्ळंदूरचे पाणी वर्तूरमार्गे दक्षिण पिनाकिनी नदीस मिळते. पावसाळ्यानंतर पाणी ओसरू लागले की उघड्या पडणाऱ्या चिखलात अळ्या, कृमी व गोगलगाई विपुल सापडतात.

ऑगस्टपासून हे पाहुणे येऊ लागतात व मार्च-एप्रिलमध्ये परततात. हिरवी तुतवार, ठिपकेदार तुतवार, सामान्य तुतवार आणि पाणलावा हे येथे नेहमी दिसणारे पाहुणे होत. हिरवी तुतवार उत्तरेकडील वनांत बहुधा कस्तुर पक्ष्यांच्या झाडावरील जुन्या घरट्यांत अंडी घालते. छोट्या कंठेरी चिखल्याचे काही पक्षी मात्र भारतातच प्रजनन करतात. टिटवी व शेकाट्या येथे वर्षभर आढळतात.

एकाच काठावर अनेक जाती नांदू शकतात, कारण त्यांच्या चोचींची लांबी भिन्न असते. आखूड चोचीचा चिखल्या मोठ्या डोळ्यांनी भक्ष्य हेरतो, थोडे धावून थांबतो आणि पृष्ठभागावरील किडा टिपतो. पाणलाव्याच्या लांब चोचीचे टोक संवेदनशील असते. ते चिखलात खोल खुपसून तो न दिसणारे भक्ष्य शोधतो.

या पक्ष्यांचे भवितव्य चिंताजनक आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने ऑक्टोबर २०२४ मध्ये स्थलांतर करणाऱ्या १६ किनारी पक्ष्यांना अधिक धोक्याच्या वर्गात टाकले. भारतीय किनाऱ्यावर हिवाळा काढणारा करडा चिखल्या त्यांपैकी एक आहे. बंगळुरूत सांडपाणी व अतिक्रमण यांमुळे अनेक तलावांची हानी झाली. बेळ्ळंदूरच्या तलावावर विषारी फेस साचला आणि २०१५, २०१७ व २०१८ मध्ये तेथे आगही लागली.

तलावांची दुरुस्ती आवश्यक आहे, परंतु तिची पद्धतही महत्त्वाची ठरते. गाळ उपसून तळ सर्वत्र खोल केला आणि काठ उभ्या दगडी भिंतींनी बांधला, तर पाणी वाढते. परंतु आखूड पायांच्या या पक्ष्यांना उभे राहण्यास जागा उरत नाही. पाणकावळे व बदके अशा तलावावर राहू शकतात, तुतवार व चिखल्या राहू शकत नाहीत. म्हणून काही काठ उतरता, उथळ आणि चिखलाचा राखणे, ही या पाहुण्यांची पहिली गरज आहे.