बाटलीवरची मोहोर

2024 च्या मार्च महिन्यात तेलंगणाच्या औषध नियंत्रण प्रशासनाने सुमारे 33 लाख रुपयांची औषधे जप्त केली. त्यांतील गोळ्यांत औषध नव्हतेच. होती ती खडूची पूड आणि स्टार्च. वेष्टनावर जिचे नाव छापले होते ती कंपनीही अस्तित्वात नव्हती. आमच्या हैदराबादेतील हे वृत्त वाचताना आम्हांस चार दशकांपूर्वीच्या एका परदेशी प्रकरणाचे स्मरण झाले. त्यात कंपनी खरी होती, औषधही खरे होते. खोटा होता तो मधला हात.

1982 च्या सप्टेंबरअखेरीस शिकागो व त्याच्या उपनगरांत सात माणसे अकस्मात मरण पावली. सर्वांनी टायलेनॉल या वेदनाशामकाच्या कॅप्सूल घेतल्या होत्या. टायलेनॉल म्हणजे आपल्याकडे घरोघरी असणारे पॅरासिटामॉलच. त्या कॅप्सूल उघडून त्यांत पोटॅशियम सायनाइड भरलेले होते. एका घरात तर भावाच्या मृत्यूने व्याकूळ झालेल्या धाकट्या भावाने आणि त्याच्या पत्नीने त्याच बाटलीतील गोळ्या घेतल्या, आणि तीही दोघे गेली. विषारी बाटल्या एकाच कारखान्यातून आलेल्या नव्हत्या. यावरून विष कारखान्यात नव्हे, तर दुकानाच्या फळीवर मिसळले गेले, असा निष्कर्ष निघाला. पोलिसांच्या गाड्या ध्वनिक्षेपकावरून रस्तोरस्ती इशारा देत फिरल्या. मालक असलेल्या जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने देशभरातून सुमारे 3 कोटी 10 लाख बाटल्या परत मागविल्या. त्यांची किंमत 10 कोटी डॉलरांहून अधिक होती. न्यायालयाचा हुकूम नसता हे घडले, ही गोष्ट आम्हां वकिलांस विशेष लक्षात ठेवण्याजोगी वाटते. कंपनीला यात व्यापारी शहाणपणही दिसले असेल. त्याने कृतीचे मोल कमी होत नाही. मारेकरी आजतागायत सापडलेला नाही. पण त्याच वर्षी बाटलीवर छेडछाड उघडकीस आणणारी मोहोर सक्तीची झाली, आणि 1983 मध्ये अशी छेडछाड हा अमेरिकेत संघराज्यीय गुन्हा ठरला.

आपल्याकडील प्रसंग अधिक लज्जास्पद आहे. 1986 च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिल्यामुळे चौदा रुग्ण दगावले. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष होते. येथे कोणी अज्ञात वेडा रात्री फळीपाशी आला नव्हता. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने खरेदीपासून मंत्रालयापर्यंतच्या बेपर्वाईचा पाढा वाचला आणि आरोग्यमंत्र्यांस पद सोडावे लागले.

कायदा नव्हता असे मात्र नाही. 1940 च्या औषधविषयक अधिनियमात 1982 साली घातलेल्या कलम 17 ब मध्ये, काल्पनिक कंपनीचे नाव ज्यावर आहे ते औषध बनावट, असे स्पष्ट म्हटले आहे. हैदराबादच्या गोळ्यांना ते शब्दशः लागू पडते. 1945 च्या नियमांतील नियम 74 प्रमाणे, अधिकाऱ्याने आदेश दिल्यास उत्पादकाने सदोष तुकडीचा उरलेला माल विक्रीतून काढावा आणि विकलेला माल, परिस्थितीनुसार व्यवहार्य असेल तितपत, परत मागवावा. या 'व्यवहार्य असेल तितपत' शब्दांच्या आडोशाला किती माल दडू शकतो, हे वाचकांनीच कल्पावे. दुकानदारालाही कलम 19 ने बचाव दिला आहे. पण परवानाधारकाकडून माल घेतला, योग्य चौकशी करूनही दोष कळण्यासारखा नव्हता आणि औषध विकेपर्यंत मिळाले त्याच स्थितीत होते, हे त्याने स्वतः सिद्ध केले पाहिजे.

ऑगस्ट 2023 पासून 300 प्रचलित औषधांच्या वेष्टनांवर क्यूआर कोड सक्तीचा आहे. त्यांत डोकेदुखीच्या परिचित गोळ्याही आहेत. कोड वाचला की उत्पादक, तुकडी आणि मुदत कळते. मात्र आपल्याकडे गिऱ्हाईक चारच गोळ्या मागते, दुकानदार पट्टी कात्रीने कापून देतो, आणि तुकडीचा क्रमांक बहुधा दुकानातल्या उरलेल्या अर्ध्यावर राहतो.