झुलपं

आमच्या बंडूला दोन डोळे आहेत ही गोष्ट मला पूर्वीपासून ठाऊक होती. त्याच्या बारशाला मी हजर होतो आणि त्या वेळी दोन्ही जागच्या जागी होते. परंतु २००७ च्या जूनमध्ये तो अकरावीसाठी पुण्याला आमच्याकडे राहायला आला, तेव्हा त्यांतला एकच शिल्लक होता. उजवा. डाव्या डोळ्यावर केसांचं एक काळंभोर झुलूप असं उतरलं होतं, की भर दुपारी दुकानदाराने अर्धं शटर खाली ओढून झोप काढावी. अंगात काळा टी-शर्ट. पँट इतकी घट्ट की ती घातली असावी की अंगावरच शिवली असावी, याचा निर्णय होईना.

बंडू हा माझ्या धाकट्या भावाचा मुलगा. भाऊ बँकेत. सांगलीहून त्याची बदली नागपूरला झाली आणि पोराचं कॉलेज तरी एका गावी व्हावं म्हणून त्याची रवानगी आमच्याकडे झाली.

"डोळा आलाय का रे?" सौ.ने काळजीने विचारलं.

"नाही काकू. इमो आहे."

"मग डॉक्टरांना दाखवलंस का?"

त्या रात्री बंडूने मला समजावून सांगितलं, की इमो हा रोग नसून संगीताचा प्रकार आहे. इमो म्हणजे इमोशनलचं लघुरूप. "अरे, म्हणजे भावगीतच की!" मी खूश होऊन म्हणालो. बंडूने उत्तर न देता आपल्या कानातली एक गोळी काढून माझ्या कानात घातली. आत कुणीतरी पत्र्याच्या छपरावर तांब्या-पितळेची भांडी ओतत होतं, आणि त्या भांड्यांखाली सापडलेला एक मुलगा आपली व्यथा ओरडून सांगत होता. भावगीताचा विषय मी तिथेच सोडला.

तो पुन्हा धरायला मला बरीच वर्षं लागली. परंतु आज मी या विषयातला एक किरकोळ जाणकार आहे, आणि आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात या विषयावर बोलू शकणारा एकमेव वक्ता आहे. कुणी बोलावत नाही, ही गोष्ट वेगळी.

या प्रकरणाचं मूळ अमेरिकेच्या राजधानीत, वॉशिंग्टनमध्ये आहे. १९८० च्या सुमाराला तिथली पोरं हार्डकोर पंक नावाचं संगीत वाजवीत. त्याचा नियम एकच. जितक्या जोरात आणि जितक्या लवकर होईल तितक्या लवकर उरकायचं. त्यांतल्या इयन मकाय नावाच्या मुलाच्या 'मायनर थ्रेट' या बँडचं १९८१ सालचं 'स्ट्रेट एज' हे गाणं पाऊण मिनिटात आटोपतं. आमच्याकडे तेवढ्या वेळात गवई तंबोऱ्याची गवसणीसुद्धा काढीत नाही. मात्र त्या पाऊण मिनिटात तो मुलगा सांगतो काय, तर मी दारू पीत नाही, नशा करीत नाही! हे कळल्यावर माझा त्याच्याबद्दलचा आदर एकदम वाढला. इतकं ओरडून निर्व्यसनीपणा जाहीर करणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. या मकायने एका मित्राबरोबर १९८० साली रेकॉर्ड कंपनी काढली होती, आणि तिचं नाव ठेवलं होतं 'डिस्कॉर्ड'. म्हणजे बेसूर. आपल्या मालाचं इतकं प्रामाणिक वर्णन दुकानाच्या पाटीवर लिहिणारे व्यापारी आपल्याकडे कुठे आहेत?

पण या संगीताच्या कार्यक्रमांत पुढे पुढे गाणं कमी आणि गुद्दागुद्दी जास्त होऊ लागली. १९८४ पर्यंत त्यातल्या काही पोरांना या मारामारीचा वीट आला. त्यांतल्या चौघांनी मिळून 'राइट्स ऑफ स्प्रिंग' नावाचा बँड काढला. गी पिचिओटो हा त्यांचा गायक. आवाज तोच, वेग जवळपास तोच. पण आता ओरडून सांगायचं काय, तर सरकार चोर आहे हे नव्हे, तर माझं मन दुखलं आहे हे. गेलेले दिवस, हरवलेलं माणूस, आपणच केलेली चूक. ज्या मैदानात कालपर्यंत दात पडत होते, तिथे आता टिपं पडू लागली. श्रोते रडत. १९८५ च्या उन्हाळ्याला त्या पोरांनी 'क्रांतीचा उन्हाळा' असं नाव दिलं. त्याच उन्हाळ्यात ही मंडळी दक्षिण आफ्रिकेच्या वकिलातीसमोर वर्णभेदाविरुद्ध ढोल बडवीत होती. म्हणजे रडणारी होती, पण रडतराऊत नव्हती.

१९८५ सालीच त्यांची तबकडी निघाली आणि पुढच्या वर्षी बँड मोडलासुद्धा. एवढ्या अवधीत कुणीतरी या प्रकाराला 'इमोकोर' असं नाव ठेवलं. मकायचा स्वतःचा नवा बँड, 'एम्ब्रेस', याच पठडीतला. त्याने भर कार्यक्रमात जाहीर करून टाकलं, की इतका मूर्ख शब्द मी जन्मात ऐकला नाही.

इथे या संगीताच्या इतिहासातली सगळ्यांत गमतीची गोष्ट सुरू होते. गेल्या चाळीस वर्षांत ज्या ज्या बँडला इमो म्हटलं गेलं, त्यांतल्या बहुतेकांनी कानांवर हात ठेवले. आपल्याकडच्या आडनावांसारखंच हे. आगलावे किंवा पोटदुखे हे आडनाव कुणी पसंत करून घेतलेलं नसतं. गावाने चेष्टेत ठेवलेलं असतं, आणि मग पिढ्यान्‌पिढ्या दारावरच्या पाटीवर मिरवावं लागतं.

आणि झुलपं? त्या पहिल्या पिढीत झुलपं नव्हतीच. काजळही नव्हतं. साधा टी-शर्ट आणि साधी विजार. नव्वदच्या दशकात हे संगीत अमेरिकेच्या मधल्या भागात, मक्याच्या शेतांच्या आणि कॉलेजांच्या गावांत शिरलं, तेव्हा कुठे त्याला वेष आला. आणि तो वेष कोणता? जुन्या कपड्यांच्या दुकानातून आणलेला, वितभर आखूड झालेला स्वेटर आणि जाड काळ्या काड्यांचा चष्मा! हे वाचून मी बराच वेळ स्तब्ध बसलो. तीस वर्षं मी कचेरीत याच वेषात गेलो. म्हणजे जागतिक फॅशनच्या एका टोकावर मी तेव्हा उभा होतो आणि हेडक्लार्कसकट कुणालाही त्याचा पत्ता नव्हता.

या काळातले बँड मला सर्वांत जवळचे वाटतात, कारण त्यांच्यात दैवाचा घोळ फार. सिएटलच्या 'सनी डे रिअल इस्टेट'ची 'डायरी' १९९४ साली निघाली आणि गाजली. पुढच्याच वर्षी गायकाला देव सापडला आणि बँड हरवला. 'वीझर'ने १९९६ साली 'पिंकर्टन' काढली. समीक्षकांनी ती झोडपली, गायकाला स्वतःचीच लाज वाटली, आणि काही वर्षांनी तीच तबकडी पोरांनी डोक्यावर घेतली. इलिनॉय राज्यातल्या तीन विद्यार्थ्यांनी 'अमेरिकन फुटबॉल' या नावाने १९९९ साली एक तबकडी काढली आणि शिक्षण संपल्यावर ते आपापल्या वाटेने गेले. तबकडीच्या वेष्टनावर अर्बाना गावातल्या एका साध्या पांढऱ्या घराचा रात्रीचा फोटो होता. वरच्या मजल्यावर एका खिडकीत दिवा. बस्स. पंधरा वर्षांत त्या तबकडीचा एवढा बोलबाला झाला, की २०१४ मध्ये बँडला पुन्हा एकत्र यावं लागलं. लोक त्या घरापुढे फोटो काढायला लांबून येतात. अखेर २०२३ मध्ये बँडने, रेकॉर्ड कंपनीने आणि त्या फोटोग्राफरने मिळून ते घर विकत घेतलं, कुणी पाडू नये म्हणून. घरात तसं पाहण्यासारखं काही नाही. पण परगावी एकट्या राहणाऱ्या मुलाला रात्री कुणाच्या तरी खिडकीत दिवा दिसला की काय वाटतं, हे सांगायला राजवाडा कशाला लागतो?

नव्या शतकात मात्र सगळंच बदललं. २००१ च्या ११ सप्टेंबरला न्यूयॉर्कचे मनोरे पडले, ते जेरार्ड वे नावाच्या एका तरुण चित्रकाराने डोळ्यांनी पाहिलं. आपण कार्टूनं काढत बसलो आहोत, हे काही खरं नाही, असं त्याच्या मनाने घेतलं आणि त्याने 'माय केमिकल रोमान्स' हा बँड काढला. न्यू जर्सीचा. २००६ ची त्यांची 'द ब्लॅक परेड' म्हणजे कॅन्सरने मरणाऱ्या एका माणसाची कथा. लहानपणी वडिलांनी त्याला बँडची मिरवणूक दाखवायला नेलेलं असतं. म्हणून मृत्यू त्याला न्यायला येतो तो मिरवणूक घेऊनच. कलाकारांचे पोशाख बटणांच्या पट्ट्या लावलेले, थेट आपल्याकडच्या लग्नातल्या बँडवाल्यांचे, फक्त काळे. हे गाणं बंडू पहाटे पाच वाजता लावी.

याच सुमारास काळे रंगवलेले केस, एका डोळ्यावरचं झुलूप, खिळ्यांचा पट्टा, डोळ्यांत काजळ हा सगळा सरंजाम आला. पुरुषांच्या मापाच्या तेवढ्या घट्ट पँटी मिळेनात म्हणून पोरं बहिणींच्या घालीत. शिकागोच्या 'फॉल आउट बॉय'मधला पीट वेंट्झ काजळ घालून मासिकांत झळकला. मायस्पेस नावाच्या संकेतस्थळावर पोरं आपला फोटो हात वर करून, वरून खाली असा काढून लावीत; त्यात झुलूप छान येतं. आणि जेरार्ड वे? त्याने २००७ साली सांगून टाकलं, की इमो हा भिकार प्रकार आहे आणि आमचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.

मग आलं २००८. या वर्षी झुलपांवर जगभर मोहीम निघाली. मार्चमध्ये मेक्सिकोतल्या केरेतारो शहरात जमावाने भर चौकात इमो पोरांना शोधून शोधून मारलं. आठवड्याभरात हे लोण मेक्सिको सिटीत पोचलं. तिथे पंकवाले आणि इमोवाले एकमेकांना भिडणार, तोच मधून हरे कृष्णवाल्यांची दिंडी नाचत-गात निघाली आणि दोन्ही पक्ष गोंधळले. टाळ-मृदंगाचा याहून चांगला उपयोग माझ्या ऐकिवात नाही. रशियात शाळांतून आणि सरकारी इमारतींतून इमो वेषाला बंदी करावी अशा कायद्याचा मसुदा निघाला. इंग्लंडात एका शाळकरी मुलीच्या आत्महत्येचं खापर एका वर्तमानपत्राने या संगीतावर फोडलं, तेव्हा पोरंपोरी मे महिन्यात त्या कचेरीपुढे फलक घेऊन उभी राहिली. या गाण्यांनीच आम्हाला जगवलं, असं त्यांचं म्हणणं. आणि पुढे २०१२ मध्ये इराकच्या गृहखात्याने इमोंना सैतानाचे पूजक ठरवलं, त्यानंतर बगदादमध्ये मुलं मारली गेली. घट्ट पँट आणि केसांपायी. इथे मला विनोद सुचत नाही.

२००८ च्या या मोहिमेत पुण्यातून माझाही खारीचा वाटा आहे.

अकरावीचा निकाल लागला. गणितात बंडू काठावर पास. मी निष्कर्ष काढला, की एका डोळ्याने अर्धाच फळा दिसत असणार. रविवारी सकाळी त्याला कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये नेलं आणि म्हणालो, "मिलिटरी कट." वास्तविक मी स्वतः सतराव्या वर्षी देव आनंदसारखा कोंबडा काढला होता, आणि वडिलांनी न्हाव्याला घरी बोलावून, मला अंगणात पाटावर बसवून तो उतरवला होता. त्या दिवशी मी वडिलांशी काय काय बोलायचं ठरवलं होतं आणि त्यातलं काहीच बोललो नव्हतो, हे मला आठवायला हवं होतं. आठवलं नाही.

बंडू काही बोलला नाही. झुलूप खाली पडलं आणि वर्षभराने डावा डोळा उजेडात आला. तो लाल झाला होता. "केस गेले असतील," न्हावी म्हणाला. मलाही ते पटलं.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे नागपूरचा फोन आला. दर रविवारी येई. बंडू नेहमीप्रमाणे "ठीक आहे", "हो, जेवलो", "ठीक आहे" एवढंच बोलला, आणि कानात गोळ्या घालून गच्चीवर गेला.

"दर रविवारी जातो," ही म्हणाली. "तासभर रडतो आणि केस पुढे घेऊन खाली येतो. आज काय पुढे घेईल?"

"मला कधी सांगितलं नाहीस ते!"

"तुम्ही त्याला सल्ला दिला असतात."

त्यानंतर मी झुलपांना हात लावला नाही. दिवाळीपर्यंत ती पुन्हा डोळ्यावर आली आणि गणितही सुधारलं. दोहोंचा संबंध मी अजून शोधतो आहे.

बंडू आता अमेरिकेत, फिनिक्सला असतो. कपाळ मागे सरकत चाललं आहे. पुण्याच्या फ्लॅटचा हप्ता भरतो. म्हणजे ईएमओतला ओ जाऊन त्या जागी आय आला. २०२२ च्या ऑक्टोबरात लास व्हेगासला या सगळ्या जुन्या बँडांचा मोठा मेळा भरायचा होता. नाव काय, तर 'आम्ही तरुण होतो तेव्हा'. बंडूने जानेवारीपासून शनिवारचं तिकीट काढून ठेवलं होतं. पाच तास गाडी हाकून तो तिथे गेला, आणि त्या शनिवारी सकाळी जोराचा वारा सुटला म्हणून तो पहिला दिवसच रद्द झाला. दुसऱ्या दिवशी कार्यक्रम झाला, पण बंडूला सोमवारची कचेरी होती.

आमच्याकडे धनत्रयोदशीची रात्र होती. चकल्या तळून झाल्या होत्या. बंडूचा चेहरा फोनवर आला. काळा टी-शर्ट, उरलेले सगळे केस गोळा करून डाव्या डोळ्यावर ओढलेले, आणि दोन्ही डोळ्यांत काजळ.

"काय रे, फार वाईट वाटलं का?" मी विचारलं.

"ठीक आहे काका."

मी काहीतरी सांगणार होतो, तेवढ्यात हिने माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि चष्मा वर सरकवून जवळून पाहिलं.

"बंडू, काजळ पसरलंय बघ," ती म्हणाली. "ते न पसरणारं मिळतं हल्ली. येणाऱ्यांबरोबर पाठवते."