उभ्या झाडाची किंमत

अमेरिका आणि कॅनडा यांच्यात मऊ लाकडावरून चाललेला तंटा १९८२ पासूनचा मानला जातो. आमच्या मते त्याची मुळे दोनशे वर्षे खोल आहेत.

मऊ लाकूड म्हणजे पाइन, स्प्रूस, फर अशा सूचिपर्णी वृक्षांचे लाकूड. ही वर्गवारी वनस्पतिशास्त्राची आहे, कठीणपणाची नव्हे. खेळण्यातली विमाने करतात तो हलकाफुलका बाल्सा कठीण लाकडात मोडतो! उत्तर अमेरिकेत बहुतेक घरांचा सांगाडाच मऊ लाकडाचा असतो. त्यामुळे त्याचा भाव चढला की घर महागते.

१८०६ मध्ये नेपोलियनने युरोपची बंदरे ब्रिटनला बंद केली. बाल्टिकचे लाकूड दुर्मिळ झाले आणि ब्रिटन कॅनडाकडे वळला. तिथे पुढे अशी रीत पडली, की तोडणाऱ्याने परवाना घ्यावा, तोडलेल्या मालावर सरकारला शुल्क द्यावे. जमीन मात्र राजसत्तेचीच. आजही कॅनडातील सुमारे ९० टक्के जंगल सरकारी आहे.

सीमेच्या दक्षिणेला सरकारने जमीनच विकून टाकली. मिशिगन, विस्कॉन्सिनच्या पांढऱ्या पाइनवर प्रेअरीतली गावे उभी राहिली. तोडीनंतर उरलेला पालापाचोळा रानात तसाच पडे. ८ ऑक्टोबर १८७१ रोजी पेश्टिगोच्या वणव्यात हजाराहून अधिक माणसे गेली. त्याच रात्री शिकागो जळत होते, म्हणून जगाचे तिकडे लक्षही गेले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी तो पाइन जवळजवळ संपला होता.

कॅनडाचे लाकूड १८५४ ते १८६६ या काळात करारामुळे अमेरिकेत बिनजकात येई. १८९७ मध्ये अमेरिकेने कापीव लाकडावर हजार बोर्डफुटांना २ डॉलर जकात बसवली. (बोर्डफूट म्हणजे एक फूट लांब, एक फूट रुंद, एक इंच जाड.) लगेच १८९८ मध्ये ओंटारिओने सरकारी जंगलातला पाइन कॅनडातच कापण्याची सक्ती केली. तेव्हा मिशिगनच्या काही सॉ मिलवाल्यांनी गिरण्याच सीमेपलीकडे हलवल्या!

१९८२ मध्ये अमेरिकी गिरणीवाल्यांनी तक्रार केली, की कॅनडा झाडे स्वस्तात देतो, हे छुपे अनुदानच आहे. त्यांच्या व्यापार खात्याने १९८३ मध्ये ती फेटाळली. १९८६ मध्ये त्याच खात्याने प्राथमिक निर्णयात १५ टक्के अनुदान ठरवले. झाडे तीच, जंगल तेच! लाकडाचे घनफळ मोजता येते, पण खुल्या बाजारात न आलेल्या झाडाचा भाव कशाशी ताडून पाहायचा? खाजगी जंगलाच्या भावाशी म्हणावे, तर तो भावही जमीनविक्रीच्या इतिहासातूनच आलेला.

या कोड्याचा कळस एका किड्याने गाठला. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून ब्रिटिश कोलंबियात पाइनच्या सालीखाली राहणारे भुंगेरे बेसुमार वाढले. पूर्वी कडक थंडीत त्यांच्या अळ्या मरत. हिवाळे सौम्य झाले आणि त्या तगल्या. कोट्यवधी झाडे उभ्या उभ्या वाळली. वाळलेले खोड तडकते, म्हणून काही वर्षांतच कापावे लागते. प्रांताने हलक्या प्रतीच्या अशा लाकडाला घनमीटरमागे २५ सेंट एवढेच शुल्क लावले. अमेरिका म्हणाली, चांगली झाडेही या दरात खपवली जात आहेत. २०१२ मध्ये लंडनच्या लवादाने कॅनडाच्या बाजूने निकाल दिला.

२००६ चा करार २०१५ मध्ये संपला. २०१७ पासून पुन्हा जकात सुरू झाली आणि २०२५ मध्ये तीत आणखी १० टक्क्यांची भर पडली.